तारक्का कासारणीचा मोकळा हात

हदनकोळच्या बायकांचे हात तारक्का कासारणीला तोंडपाठ होते. कुणाचं माप दोन सहा, कुणाचं दोन आठ, कुणाच्या अंगठ्याखालचं हाड आडवं येतं, कुणाचं मनगट पहिल्या बाळंतपणात फुगलं ते पुन्हा उतरलंच नाही, सगळं ती न बघता सांगायची. नाव विचारलं तर क्षणभर अडेल, पण डोळे मिटून हात हातात घेतला की म्हणणार, "ही तर पाटलाची मधली." मतांसाठी गावभर फिरणाऱ्या एकाही पुढाऱ्याला आपल्या मतदारांची एवढी ओळख नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. शपथेचा विषय पुढं येणारच आहे.

पुरतं नाव तारामती जिनदत्त कासार, वय बावन्न. माहेर चिकोडीच्या पलीकडचं, कन्नड. सासर हे, मराठी. रागावली की कन्नड बोलायची, लाडात आली की मराठी, आणि बांगडी चढत नसली की दोन्ही. नवरा जिनदत्त स्टीलच्या भांड्यांवर मशिननं नावं घालून द्यायचा. दिवसभर दुसऱ्यांची नावं कोरून त्याच्या तोंडातले शब्दच संपले असावेत, इतका अबोल माणूस. गावात कासारांची घरं दोन, मतं सात. निवडणूक आली की पुढारी वहीत मराठा किती, लिंगायत किती, जैन किती, धनगर किती असं मांडायचे. कासारांच्या ओळीत नुसती रेघ असायची.

पण बांगड्यांची रीत तुम्हाला सांगायला पाहिजे. कासारीण घरात आली, पेटी उघडली, की पुढच्या सोप्यात बसलेले पुरुष उठून बाहेर जातात. कुणी सांगत नाही, तसंच चालत आलंय. मग सोप्यात फक्त बायका. एकेकीचा हात कासारणीच्या मांडीवर, आणि त्या हाताच्या मालकिणीच्या पोटातलं सगळं हळूहळू ओठावर. हात भरून झाला की ती बाई, मग ती वतनदाराची असो की मजुराची, वाकून कासारणीला नमस्कार करते. दुसरी गोष्ट, बांगडी पिचली तर तसा हात ठेवायचा नाही. नवऱ्याच्या आयुष्याला ते बरं नव्हे म्हणतात. असला अपशकुन घरात आला की सासूच काय, नवरासुद्धा कासारणीला बोलवायला पळतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

आता गावाचं राजकारण. हदनकोळात दोन बाजू. मराठी बाजूचा पुढारी सूरज, खताच्या दुकानाचा मालक, पांढरा शर्ट कधी मळू न देणारा. कन्नड बाजूचा नागेंद्र, ट्रॅक्टरचा मालक, दंडात ताईत आणि तोंडात सदा पान. दोघं एका शाळेत एका बाकावर शिकलेले. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, घरी दोघंही एकमेकांच्या भाषेतल्या मालिका बघतात. पण माईक हातात आला की सूरज म्हणायचा, "मराठी माणसानं काय हातात बांगड्या भरल्या न्हाईत." नागेंद्र तेच वाक्य कन्नडमध्ये म्हणायचा. टाळ्या दोन्हीकडं सारख्याच पडायच्या. तारक्का पेटी डोक्यावर घेऊन सभेच्या कडेनं जाताना हे ऐकायची आणि तिचं डोकं फिरायचं. एकदा ती जिनदत्ताला म्हणाली, "ह्यांना एकदा भरून दाखवाव्यात. बांगडी चढताना हाड कसं दुखतंय ते तरी कळंल." जिनदत्त मान हलवून पुन्हा कुणाच्या तरी पातेल्याकडं वळला.

आणि ह्या दोघांच्या भांडणाचं फळ बस स्टँडच्या शेजारी उभं होतं. बायकांसाठी बांधलेला संडास. चार दारं, आत फरशी, वर पाण्याची टाकी, सगळं झकास. बांधून चार वर्षं झाली आणि चार वर्षं त्याला कुलूप. कारण काय, तर पाटी. मराठी वर की कन्नड वर, ह्यावरनं पहिल्या दिवशीच दोन्हीकडचे झेंडे घेऊन आले. तोडगा म्हणून कुणीतरी सुचवलं, की नुसतं नाव द्या. मग नाव कुणाचं, ह्यावर दुसरी लढाई. दोघांनीही आपापले थोर पुरुष पुढं केले. बायकांच्या संडासाला नाव देऊन त्या थोर पुरुषाचा कुठला मान वाढणार होता, हे गावातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. शेवटी तालुक्याच्या साहेबांनी कुलूप घातलं, किल्ली पंचायतीच्या कपाटात गेली, आणि दारांच्या सावलीत शेरडं रवंथ करायला लागली.

गुरुवारी हदनकोळचा बाजार. आसपासच्या सात-आठ वाड्यांतनं बायका भाजी, अंडी, मिरच्या घेऊन येतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्यांनी जायचं कुठं? स्टँडच्या मागच्या उसात. आणि ऊस तुटला की? मग पाणी प्यायचंच नाही. दिवसभर कोरड्या घशानं ओरडून मिरच्या विकायच्या. तारक्कासुद्धा त्यातलीच. गावोगाव फिरणारी बाई, तिला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

आता शपथेचा भंडारा. हदनकोळचा देव बिरदेव. त्याच्या पुढ्यात हळदीचा भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची छाती ह्या भागात कुणाची नाही. कोर्टात खोटं बोलतील, बिरदेवापुढं नाही. पुढाऱ्यांनी त्याचा सोपा उपयोग शोधलेला. निवडणुकीआधी आपापल्या बाजूच्या लोकांना देवळात न्यायचं आणि भंडारा उचलायला लावायचा, की मत आपल्याच माणसाला. मराठी बाजूची शपथ मंगळवारी, कन्नड बाजूची बुधवारी. देव तोच, पुजारी तोच, यल्लाप्पा. सत्तरीचा माणूस, पाठीत वाकलेला, पण जीभ सरळ. त्याला कुणी विचारलं, दोन्हीकडच्यांना कसा भंडारा देतोस, तर म्हणायचा, "देवाला दोनी भाषा येत्यात."

शपथेला यायचे ते पुरुष. घरच्या कर्त्यानं उचलला की घरातली सगळी मतं धरलेली. मागच्या निवडणुकीत जिनदत्त अपेंडिक्सच्या ऑपरेशनला निपाणीत पडलेला. घरातलं कुणीतरी पाहिजे म्हणून तारक्का देवळात गेली आणि पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. सूरजनं सगळ्यांसमोर तिला बाजूला काढलं. "मावशी, बाईमाणसाच्या हातात भंडारा देत न्हाईत. बाईची शपथ देवाला चालत न्हाय." मागनं कोणीतरी फिदीफिदी हसलं. तारक्का पदर सावरून पायऱ्या उतरली. एवढ्या बायकांनी जिच्या पाया पडायचं, तिला रांगेतनं हाकललं. त्या दिवशी ती जेवली नाही.

ह्या वेळची गोष्ट अशी. आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव. सूरजनं आपल्या बायकोचा फॉर्म भरला, नागेंद्रनं आपल्या बायकोचा, सौम्याचा. पोस्टरवर बायकोचा फोटो अंगठ्याएवढा आणि नवऱ्याचा परातीएवढा. मंगळवारी जिनदत्त आळीतल्या लोकांबरोबर देवळात जाऊन भंडारा उचलून आला. बुधवारी नागेंद्रच्या लोकांनी उचलला. गुरुवारी बाजार होता.

त्या गुरुवारी दुपारी मालुबाई पडली. जवळच्या वाडीवरनं मेथी विकायला येणारी बाई, साठीची. ऊस नुकताच तुटलेला, आडोसा नाही, म्हणून ती लांब ओढ्याकडं गेली आणि दगडावरनं घसरली. उजवा हात मोडला. बायकांनी तिला धरून स्टँडवर आणली. बघता बघता मनगट भोपळ्यासारखं सुजलं आणि हातातल्या डझनभर बांगड्या मांसात रुतल्या. डॉक्टर निपाणीत. बांगड्या काढल्याशिवाय रक्त खेळणार नाही, म्हणून पहिल्यांदा बोलावणं गेलं तारक्काला.

तारक्कानं तो हात मांडीवर घेतला. ह्याच हातात तिनं तीस वर्षं बांगड्या भरलेल्या, दोन सहा, अंगठा जरा ताठ. तिनं बांगडीखाली चिंधी सारली आणि एकेक बांगडी अडकित्त्यानं कट्कन फोडली.  शेवटची फुटली तेव्हा मालुबाई एवढंच म्हणाली, "तारक्का, सकाळपासनं पानी प्याले न्हवते गं. तरीबी जायला लागलं." पडल्याचं दुःख नव्हतं तिला, लाज होती. आपणच काहीतरी चूक केल्यासारखी ती बोलत होती, आणि समोर वीस पावलांवर ती चार निळी दारं कुलपात उभी होती.

तारक्का तशीच उठली. सूरजच्या दुकानात गेली आणि पंचायतीतनं किल्ली काढून द्या म्हणाली. सूरज म्हणाला, "मावशी, आमची कुठं ना हाय? पण पाटीचा निकाल लागू दे. हा आपल्या मराठीचा प्रश्न हाय." मग ती नागेंद्रकडं गेली. नागेंद्रनं पान थुंकून कन्नडमध्ये तेच सांगितलं. ती घरी आली, पेटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस हाय न्हवं? मी उभी राहणार."

जिनदत्तानं मशिन बंद केलं. बायकोकडं बघितलं, मग स्वतःच्या तळहाताकडं. रेषांतली हळद अजून गेली नव्हती. "तारा, मी परवा भंडारा उचलला गं. सूरजच्या बायकोला मत देतो म्हणून. माझा हात अडकला."

 नवऱ्याचंच मत नाही तर गावाचं कुठनं मिळणार? मतं सात, त्यातलं एक देवापाशी गहाण. तिनं त्याच्या पिवळ्या तळहाताकडं बघितलं. मग स्वतःचा हात त्याच्या हाताशेजारी धरला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमचा अडकला. माझा कुठं अडकलाय? मला तर रांगेतनं हाकललंय."

शुक्रवारी तिनं फॉर्म भरला. चिन्ह मिळालं कपबशी. गाव हसलं. सात मतांची कासारीण पुढाऱ्यांच्या बायकांविरुद्ध. सूरजच्या दुकानात म्हणे पैज लागली, दहा मतं पडतात का. नागेंद्र म्हणाला, डिपॉझिट तरी वाचव म्हणावं. बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांना एकच भीती होती, आणि ती खरी होती. घरच्या पुरुषानं भंडारा उचललाय. आपण दुसरीकडं मत दिलं आणि देव घरावर कोपला तर?

तारक्काला ह्या भीतीची टिंगल करता आली नसती. ती स्वतः महावीराला हात जोडणारी, पण बिरदेवाच्या वाटेनं जाताना चप्पल काढणारी बाई. म्हणून तिनं सवाल थेट देवाच्या दारात नेला. रविवारी, बिरदेवाच्या वारी, सगळं गाव देवळात असताना. सूरज होता, नागेंद्र होता, दोघांची माणसं होती. ती पायरीपाशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "यल्लाप्पामामा, एक विचारू? भंडारा लागतो तो कुणाला?"

यल्लाप्पानं वाकलेली मान वर केली. "ज्याच्या हातात पडला त्याला."

"त्याच्या घरातल्यांना?"

"अगं, बाप जेवला म्हणून पोराचं पोट भरतंय व्हय? ज्यानं उचलला त्यानं निस्तरायचा."

"मग बायकांना?"

 म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण आवाज सरळ ठेवून तो म्हणाला, "बायकांच्या हातात आमी देतच न्हाय. जे हातात पडलं न्हाय ते लागंल कसं?"

आणि आता ऐका शहाण्यांचं शहाणपण. सूरज पुढं होऊन छाती फुगवून म्हणाला, "व्हय, ही आपल्या गावची रीत हाय. बाईच्या हातात भंडारा न्हाय म्हंजे न्हाय." नागेंद्रनं पान दाढेखाली सारून मान डोलावली. चार वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते ह्यावर. नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं नाही. नुसते पदर सारखे केले. ज्या फांदीवर बसले होते तीच फांदी दोघांनी भर देवळात तोडली, आणि वर मान डोलावली.

तरी दुसऱ्याच दिवशी दोघांना थोडा वास आला असावा. दोन्हीकडनं आपापल्या आळीत फर्मान सुटलं, निवडणूक होईस्तवर कासारणीला घरात घ्यायचं नाही. तारक्का सकाळी पेटी घेऊन निघाली आणि एकेक दार लागलेलं बघून परत आली. तीन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसून रडली. मत गेलं तर गेलं, पण जी घरं तिची होती ती बंद झाली होती. जिनदत्त शेजारी येऊन बसला. म्हणाला, "दारं पुरुषांनी लावल्यात. कडी आतनं असतीया."

कडी आतनंच निघाली, पण कशी ते ऐका. चौथ्या दिवशी हदनकोळात बांगड्या पिचायला लागल्या. पाटलाच्या मधलीची जात्यावर पिचली. धनगरवाड्यात तिघींच्या एकदम, म्हशीनं शेपूट मारलं म्हणे. सूरजच्या आईच्या डाव्या हातातल्या सगळ्याच्या सगळ्या, हंडा उचलताना. एवढ्या बांगड्या गावात उभ्या वर्षात पिचत नव्हत्या, त्या दोन दिवसांत पिचल्या. आता तसा हात ठेवायचा कसा? म्हाताऱ्या सासवा कडाडल्या, "नवऱ्याच्या जिवापरास तुझी निवडणूक मोठी व्हय रं?" निपाणीत जाऊन भरून आणा म्हणावं, तर गावची कासारीण असताना परक्याकडनं चुडा भरायचा, हासुद्धा अपशकुनच. मुकाट फर्मान मागं गेलं. ज्यांनी दारं लावली तेच बोलवायला आले. नागेंद्र स्वतः मोटरसायकल घेऊन कासाराच्या दारात उभा राहिला, मान दुसरीकडं करून म्हणाला, "बर्री अक्का, चला." तारक्का पेटी मांडीवर घेऊन मागं बसली. गावानं बघितलं, विरोधी उमेदवाराला नागेंद्र आपल्या गाडीवरनं प्रचाराला नेत होता.

प्रचार म्हणजे काय हो, तिनं मत मागितलंच नाही. पुरुष रिवाजाप्रमाणं सोप्यातनं उठून गेले. तिनं हात मांडीवर घ्यायचा, बोटं जुळवून दाबायचा, हिरवी काकणं एकेक चढवायची आणि म्हणायचं, "मालूचा हात बघून आले. अजून प्लास्टर हाय." पुढचं ती बाईच बोलायची. चहा कपबशीत यायचा. पिऊन झाला की तारक्का बशी उचलून एकदा नीट बघायची आणि खाली ठेवायची, बस्स.

नागेंद्रच्या सोप्यात सौम्याचा हात तिच्या मांडीवर आला. सत्तावीस वर्षांची पोरगी, दोन चार, गावात इतका लहान हात दुसरा नाही. डिग्री झालेली. फॉर्मवर सही तेवढी तिची. सातवी बांगडी चढवताना ती कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "अक्का, मी निवडून आले तर खुर्चीवर हे बसणार. मी चहा करणार."

"मग?" तारक्कानं विचारलं.

"मला माझं मत मलाच द्यायचं न्हाय."

तारक्काचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही. शेवटची बांगडी चढली. सौम्या उठली आणि वाकून नमस्कार केला, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या नागेंद्रला वाटलं, रीत चाललीय.

मतदानाच्या दिवशी जिनदत्त आंघोळ करून पहिल्या रांगेत उभा होता. मत देऊन बाहेर आला आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बायकोपुढं येऊन म्हणाला, "सूरजच्या बायकोला दिलं गं."

"बरं केलासा," तारक्का म्हणाली. "शब्द मोडून आला असतासा तर मीच घरात घेतलं नसतं." आणि तिनं त्याच्या बोटावरची शाई बघून त्याला घरी पाठवलं. मागनं बायकांची रांग येत होती. अशी रांग त्या शाळेनं कधी बघितली नसेल. दुपारच्या उन्हात, लेकरं कडेवर, हिरव्यागार नव्या चुड्यांनी भरलेले हात, आणि सगळ्या गप्प.

मोजणी निपाणीत झाली. सूरजनं गुलालाची पोती आणलेली, नागेंद्रनं हलगीवाले. अकराच्या सुमाराला आमच्या वॉर्डाचं ओरडून सांगितलं. सूरजची बायको एकशे शहाण्णव. सौम्या एकशे एकोणऐंशी. तारामती जिनदत्त कासार, दोनशे एक्कावन्न. हलगीवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं कुणासाठी वाजवायचं, ते बिचारे जी जिंकली तिच्यापुढं वाजवायला लागले. सूरजचा गुलाल मालुबाईनं डाव्या हातानं उधळला. तारक्का मधोमध उभी, तोंडावर लाल, डोळ्यांतनं घळाघळा पाणी, आणि ती हसत होती. सात मतांची कासारीण. आता लिहा म्हणावं वहीत काय लिहायचं ते.

दोन्ही पुढारी हबकले. पहिल्यांदा त्यांनी एकमेकांवर संशय घेतला, मग आपल्याच माणसांवर. मराठी बाजू म्हणाली जैन फुटले, कन्नड बाजू म्हणाली धनगर फुटले. शेवटी ठरलं, पुन्हा देवळात जायचं आणि एकेकानं भंडारा उचलून सांगायचं, की दिलेला शब्द पाळला. रविवारी दोन्हीकडचे पुरुष झाडून गेले. एकेक पुढं झाला, यल्लाप्पानं हातात हळद टाकली, आणि एकेकानं सांगितलं, पाळला. जिनदत्तानंही उचलला, मान ताठ करून म्हणाला, पाळला. एकही खोटं बोलला नाही. आणि खरंच कुणी मोडला नव्हता.

सूरज डोकं धरून पायरीवर बसला. "मग मतं आली कुठनं?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला रं?" यल्लाप्पा म्हणाला, आणि त्याला इतकं हसू आलं, की वाकलेल्या पाठीला हात लावून त्याला खांबाशी टेकावं लागलं.

पंचायतीच्या पहिल्या बैठकीत अकरा मेंबर, त्यातल्या बायका सहा. बाकीच्या पाचजणी कुणाच्या ना कुणाच्या बायका, सुना, आया. त्यांचे पुरुष नियमाप्रमाणं बाहेर व्हरांड्यात, खिडकीतनं डोकावणारे. तारक्का उठली. तिला भाषण येत नव्हतं, तिनं केलंही नाही. मराठीत म्हणाली, "पाटी लावायचीच न्हाय. पाटीबिगर कुलूप काढा." मग तेच कन्नडमध्ये म्हणाली आणि खाली बसली. पाटीच नाही म्हटल्यावर भांडायचं कशावर?  सेक्रेटरीनं हात वर करायला सांगितलं. सहा हात वर गेले, आणि सहाही हातांतल्या बांगड्या छनछन करत कोपरापर्यंत घसरल्या. खिडकीतल्यांनी तो आवाज ऐकला. त्यातली प्रत्येक बांगडी तारक्कानं चढवलेली होती.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, कुलूप काढलं. मालुबाईनं काढलं, डाव्या हातानं, कारण उजवा अजून गळ्यात होता. शेरडांना हाकललं, टाकीत पाणी सोडलं. पहिल्यांदा आत गेली तीही मालुबाईच. बाहेर आली तेव्हा तिनं मेथीच्या टोपल्यांपाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि भर बाजारात, उभ्या उभ्या, घटाघटा पाणी प्यायली. तारक्का तिच्याकडं बघत राहिली. आयुष्यात मिळालेल्या सगळ्या नमस्कारांपेक्षा तिला ते पाणी पिणं मोठं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतनं सूरज आणि नागेंद्र आले. बरोबर आले, खांद्याला खांदा लावून, हीच मोठी नवलाची गोष्ट. सूरजनं हात जोडले. "मावशी, आमचं चुकलं. बायकांना आमी बरोबरीचा मान दिला न्हाय. आता दोनी बाजूंनी ठरवलंय, पुढच्या वक्तापासनं बायकांनीबी देवळात यायचं आणि भंडारा उचलायचा. जुन्या रीती बदलाय पायजेत." नागेंद्र म्हणाला, "व्हय अक्का, काळ बदललाय."

 मिरचीवाल्या, अंडीवाल्या, पाटलाची मधली, सौम्या, सगळ्या तारक्काकडं बघायला लागल्या. ती आधी सूरजकडं बघून हसली, मग नागेंद्रकडं बघून. मग दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"न्हाय बाबांनो," ती म्हणाली. "वाडवडलांची रीत हाय. आमच्या हातनं मोडवत न्हाय."